भांगेचं बी आमिषासाठी शिजवताना नेमकं कधी थांबायचं?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे फक्त वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

विषय भांगेच्या बियांचा. गरवायला जाताना चारा म्हणून पाण्यात टाकतात आणि गळालाही लावतात, ते हेम्प. तयार डब्यातलं एकदा वापरलं होतं, मासे छान लागले. तेव्हापासून घरीच शिजवायचं ठरवलं आणि तिथेच घोडं अडलंय.

पहिल्या खेपेला बारा तास भिजवून वीस मिनिटं उकळलं. निम्म्या बिया फुटल्या, निम्म्या खड्यासारख्या टणक. दुसऱ्या खेपेला कच्चं राहू द्यायचंच नाही म्हणून चांगलं तासभर उकळलं. आतला पांढरा गर सुटून पाण्यात आला आणि चाळणीत नुसती टरफलं उरली. तिसऱ्या खेपेला दिसायला बरं जमलं, पण गळाला लावताना दहातल्या सात बिया बोटांतच चिरडल्या. ज्या लागल्या त्यांवर फ्लोट, म्हणजे चावा कळवणारी तरंगती खूण, असा झटकन बुडून वर यायचा की मी काठी उचलेपर्यंत सगळं संपलेलं. सकाळभरात वीसेक चावे, मासे दोन.

तर बी शिजलं हे ओळखायचं कसं? आणि एवढे चावे येऊनही मासा का लागत नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. बारीकसारीक तपशीलही चालतील, उलट तेच हवेत.

नदीवेडा

स्वागत! धागा फार चांगला काढलात.

पहिली गोष्ट, घड्याळ बाजूला ठेवा. बी किती जुनं, किती मोठं, किती भिजलं, भांडं कसलं, यावर वेळ बदलते. मला एकाच पोत्यातलं बी कधी अठरा मिनिटांत मिळालंय, कधी पस्तीस लागलीत. पाहायचं ते बी.

माझी पद्धत सांगतो. कोरडं बी आधी दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. धुताना जे वर तरंगतं त्यात पोचट बी, काड्या, कचरा असतो. दहा मिनिटं ढवळून ठेवल्यावरही जे वरच राहील ते काढून टाका. मग चोवीस तास भिजत. बारा तासांनी भागतं असं बरेच जण सांगतात, पण तुमच्या निम्म्या बिया टणक राहिल्या त्याचं कारण मला तिथेच दिसतंय. पाणी सगळ्या बियांत सारखं मुरलं नव्हतं.

भिजवलेल्या पाण्यासकट भांडं आचेवर. बियांच्या वर दोन बोटं पाणी हवं. उकळी फुटली की आच एकदम मंद, नाहीतर फेस वर येऊन सगळी शेगडी माखते. पाणी नुसतं हललं पाहिजे, खदखदता कामा नये. पंधराव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी चमचाभर बी पांढऱ्या बशीत काढायचं. आधी टरफल गडद होतं. मग शिवणीवर केसाएवढी फट दिसते. मग त्या फटीतून पांढरं टोक डोकावतं, अगदी दाण्याला मोड यावा तसं. बशीतल्या चार बियांतल्या तीन अशा दिसल्या की आच बंद, झाकण घट्ट, आणि भांडं तसंच गार होऊ द्यायचं. उरलेल्या बिया त्या गरम पाण्यातच फुटतात. तुम्ही सगळ्या फुटेपर्यंत आचेवर ठेवता, म्हणून आधी फुटलेल्यांचा गर सुटतो.

ते पाणी फेकू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा.

पाणकावळा

नदीवेडा, बशीची युक्ती एकदम पटली. मी आजवर पातेल्यात वाकून बघत होतो, वाफेत काय कप्पाळ दिसणार.

खंड्या

एक भाबडी शंका. भांगेचं बी खाऊन मासे झिंगत नाहीत ना? नाहीतर आपण काठावर ताटकळत बसायचो आणि ते खाली गाणी म्हणत फिरायचे. :)

सहज_सुचलं

खंड्या, हसू आलं, पण हीच शंका शंभर वर्षांपूर्वी लोकांना खरोखर आली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात बेल्जियममधून इंग्लंडात आलेल्या निर्वासितांबरोबर हे आमिष तिथे रुजलं असं सांगितलं जातं. त्यावर रोच मासा इतका तुटून पडायचा की काही क्लबांनी आपल्या पाण्यावर बंदीच घातली. मासे नशेत येऊन वेडे होतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे हेम्पची चटक लागली की मासे दुसरं काही तोंडात घेणार नाहीत.

पहिल्यात तथ्य नाही. नशा आणणारं द्रव्य असतं ते मादी फुलाभोवतीच्या चिकट ग्रंथींत. बियांच्या आत ते जवळपास नसतंच. टरफलाला बाहेरून थोडी राळ चिकटलेली असू शकते, तीही धुण्या-उकळण्यात बरीचशी जाते. मासे येतात ते तेलासाठी. या बियांत वजनाच्या साधारण ३० ते ३५ टक्के तेल आणि २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. एवढ्याशा दाण्यात एवढा ऐवज असेल तर कोण सोडेल?

दुसऱ्या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे. त्याबद्दल जाणकार लिहितीलच.

नवशिका_०७

इथे एक गोंधळ आधी मिटवा. मी शब्दकोशात हेम्प बघितलं तर ताग असं दिलंय, दुसऱ्या कोशात अंबाडी. मी तागाचं बी मिळवलंसुद्धा. तेच शिजवू का?

रानवाटा

नका शिजवू! बरं झालं आधी विचारलंत.

इंग्रजीत ज्या ज्या झाडाच्या सालीपासून दोर निघतो त्याला सरसकट हेम्प जोडायची सवय होती, त्यातून हा घोळ झालाय. ताग म्हणजे क्रोटालारिया, शेंगवर्गातली वनस्पती. अंबाडी भेंडीच्या कुळातली. भांगेचं झाड म्हणजे कॅनाबिस, या दोघांशी त्याचं काही नातं नाही. तागाच्या बियांत पायरोलिझिडीन गटातली विषारी द्रव्यं असतात. ती आमिष म्हणून पाण्यात टाकायची वस्तू नव्हे.

ओळख सोपी आहे. भांगेचं बी गोलसर, तीन ते पाच मिलिमीटरचं, राखाडी-तपकिरी, आणि त्यावर गडद रेषांची जाळी असते, कासवाच्या पाठीवर असते तशी. नखाने दाबून फोडलं तर आत पांढरट-हिरवट तेलकट गर, कागदावर घासला तर डाग पडतो. तागाचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, चपटं आणि गुळगुळीत असतं.

आणखी एक, पेरणीसाठी तयार केलेलं बी कधीही घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, बऱ्याचदा ओळखू यावं म्हणून रंगही दिलेला असतो. पक्ष्यांना खायला घालायचं साधं, स्वच्छ बी घ्या.

नवशिका_०७

बाप रे. बघितलं, माझ्याकडचं चपटंच आहे. टाकून दिलं. आभारी आहे रानवाटा.

थर्मासवाला

मंडळी, एवढा शेगडीपाशी उभं राहण्याचा खटाटोप कशासाठी? मी गेली कित्येक वर्षं थर्मास वापरतो. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, त्यात भिजवलेलं बी अर्ध्यापर्यंत, वरून खळखळतं पाणी, बूच लावून रात्रभर. सकाळी काठावर जाऊन उघडायचा. बी ऊन ऊन, काळंभोर, प्रत्येक दाणा फुटलेला, आणि वास असा की मलाच भूक लागते!

शांतपाणी

थर्मासवाला, मी यात एक पुस्ती जोडते. बी अर्ध्याच्या वर अजिबात भरू नये. कोरडंच भरणार असाल तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बी फुगतं आणि फुगताना त्याला जागा लागतेच. माझ्याकडे जुना, आतून काचेचा थर्मास होता. घाईत पाऊण भरला. सकाळी बी आत सिमेंटसारखं बसलं होतं. चमच्याने उकरायला गेले तर आतली काच तडकली. काचेचे बारीक कण मिसळल्यामुळे सगळं बी फेकावं लागलं. एवढं कळवळून लिहितेय कारण ते कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि माशाच्या पोटात गेले असते. काचेचा थर्मास या कामाला वापरूच नका.

कोरा_कागद

प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्या काढल्या तर? पंधरा मिनिटांत काम.

नदीवेडा

कुकर माझ्या मते नको. फेस आणि सुटी टरफलं वर चढून शिट्टीच्या भोकात अडकायची भीती असते. शिवाय मधे उघडून बघता येत नाही, आणि या कामात बघणं हेच तर काम आहे.

तात्या_गरीवाले

नदीवेडा, मी तुमच्याशी असहमत. मी कुकरच वापरतो आणि आजवर एकदाही शिट्टी चोंदली नाही. कुकर एक तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, पाणी भरपूर, आच मध्यम, आणि शिट्टी येण्याआधीच बंद. वाफ आपोआप उतरू द्यायची. घाई करणाऱ्याने कुकर वापरू नये हे मात्र खरं.

आता सोड्याबद्दल कोणी लिहिलं नाही. उकळताना शेरभर बियांना चहाचा एक चमचा खायचा सोडा टाका. टरफल कोळशासारखं काळं होतं आणि आतला गर पांढराशुभ्र उठून दिसतो. काळ्यावर पांढरं, तळाशी माशाला लांबून दिसतं.

शांतपाणी

तात्या, सोड्याने रंग येतो हे मान्य. पण सोड्याने टरफल आणि गर दोन्ही लवकर मऊ पडतात. धागाकर्त्याची तक्रारच बी चिरडण्याची आहे. त्यांनी तूर्त सोडा टाकू नये असं मला वाटतं. मी सोडा न घालता शिजवलेलं आणि सोडा घातलेलं, दोन्ही एकाच दिवशी एकाच जागी वापरून पाहिलं आहे. मला चाव्यांत फरक जाणवला नाही. बोटांना मात्र जाणवला.

तात्या_गरीवाले

हं. बोटांचा मुद्दा रास्त आहे. चाऱ्याला सोडा, आमिषाला नको, असं करून बघतो.

अळीमिळी

मीठ, साखर, मिरची? मी लाल मिरचीचं तिखट घालतो, विशेषतः थंडीत. पाणी लालसर तेलकट होतं आणि कार्प हमखास जवळ येतो.

पाणकावळा

मी साखर घालायचो, बंद केली. उन्हात दुपारपर्यंत आंबून जातं.

सहज_सुचलं

मासे हे बी खातात कसे, याबद्दल थोडं लिहितो, कारण शिजवण्याचा संबंध त्याच्याशी आहे.

कार्प, रोच, बार्बल, टेंच हे सगळे मासे पारंपरिक वर्गीकरणात एकाच कुळातले. यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात! गिलांच्या मागे हाडाच्या कमानीवर दातांची रांग असते आणि वर कवटीच्या तळाशी एक कडक गादी. त्या दोहोंमध्ये बी भरडलं जातं. आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो कॉमन कार्प तर गोगलगायींची कवचंही याच दातांनी फोडतो. शिवाय या कुळात खरं जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून त्यांना थोडं थोडं, सतत खायला लागतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमचं बी किंचित टणक राहिलं तरी मासा ते फोडू शकतो, काळजी नसावी. दोन, ज्या क्षणी त्याला घशात बियांऐवजी धातू जाणवतो त्या क्षणी तो थुंकतो. तुमचे वीस चावे तिथेच गेले.

तळ्याकाठी

घशातल्या दातांची माहिती नवीन होती. मग त्या वीस चाव्यांना उपाय काय? माझा गळ १४ नंबरचा आहे. तंगुसावर गळापासून वीतभर अंतरावर वजनाला चार छर्रे.

बगळा

सापडलं! छर्रे.

हेम्पचा दाणा आणि शिशाचा छोटा छर्रा शेजारी ठेवून बघा. काळा, गोल, तेवढाच. माझा मुलगा लहान असताना त्याने माझ्या डबीतले छर्रे उचलून ‘बाबा, हे न फुटलेलं बी’ म्हणून हातात दिले होते. माणसाचं पोर फसतं तिथे मासा का फसणार नाही? पाण्यात दाण्यांचा पाऊस पडत असताना मधे तंगुसावर ओळीने चार दाणे लटकताना दिसतात. मासा ते चघळतो. फ्लोट बुडतो. तुम्ही झटका देता आणि गळ तर तिथे नाहीच, तो वीतभर खाली रिकामा लोंबतोय.

छर्रे काढा. एकच लांबुळकं वजन घ्या, किंवा तंगुसाभोवती बारीक तार गुंडाळा, आणि ते गळापासून दोन-अडीच वीत वर न्या. चाव्यांची संख्या निम्म्यावर येईल आणि मासे दुप्पट लागतील. हे मी छातीठोक सांगतो, कारण मी दोन हंगाम हेच भोगलंय.

रानवाटा

बगळा, छर्र्यांचा विषय निघालाच आहे तर ते शिशाचे नकोतच. पाण्याच्या तळाशी पडलेले छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात. इंग्लंड-वेल्समध्ये हंस अशाच विषबाधेने मरू लागले. अखेर १९८७ पासून तिथे ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं विकायला आणि वापरायला मनाई झाली. बंदीनंतर हंस पुन्हा वाढले. टंगस्टन किंवा कथलाची वजनं मिळतात. नियमात बसो न बसो, तीच वापरावीत.

बगळा

शंभर टक्के सहमत. मी टंगस्टनचीच वापरतो, वर लिहायचं राहिलं.

खंड्या

मला तर वाटत होतं धागा स्वयंपाकाचा आहे. आता दातांचे डॉक्टर, पक्षिमित्र, सगळे आले. वाचनखूण साठवली!

आक्काची_लेक

मी स्वतः गरवत नाही. माझे बाबा गरवतात आणि घरातलं हेम्प मी शिजवते, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

बाबांनी मला लहानपणी ओट्याशेजारी स्टुलावर बसवून हे काम शिकवलं. त्यांचं सांगणं एकच, नाकाने बघ. भिजलेल्या बियांना ओल्या मातीचा वास येतो. उकळी आली की गवताचा येतो. मग एक वेळ अशी येते की वास एकदम फिरतो, भाजलेल्या दाण्यासारखा, जड, गोडसर. तो वास आला की बशी घ्यायची. मी कधीही वेळ लावून शिजवलेलं नाही आणि बाबांनी कधीही माझं बी परत केलेलं नाही.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं मला दिसलेलं उत्तर. तुम्ही चारा आणि आमिष एकाच भांड्यातून, एकाच वेळी काढताय. आम्ही तसं करत नाही. बिया फुटायला सुरुवात झाली, शिवणीवर नुसती केसाएवढी फट आली, की मी झाऱ्याने वरची मोठी मोठी बी दोन मुठी काढून घेते आणि लगेच गार पाण्यात टाकते. तिथेच तिचं शिजणं थांबतं. ही गळासाठी. टरफल कडक, फट अरुंद, गर घट्ट बसलेला. बाकीचं बी पूर्ण फुटेपर्यंत मंद आचेवर राहतं, ते चाऱ्यासाठी. चाऱ्याच्या बियांतला थोडा गर सुटला तरी चांगलंच, पाण्यात पसरतो.

गळाची बी बाबा छोट्या डबीत तिच्याच पाण्यात बुडवून नेतात. कोरडी पडली की फट मिटते आणि मग गळ शिरत नाही.

नदीवेडा

आक्काची_लेक, ताई, हा प्रतिसाद या धाग्याचा जीव आहे. पंचवीस वर्षं हेम्प शिजवतोय, पण दोन टप्प्यांत काढायचं डोक्यात आलं नव्हतं. मी ढिगातून हाताने निवडत बसायचो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

तळ्याकाठी

ताई, खूप खूप आभार. आज रात्रीच भिजत घालतो. गळाला लावायची तुमच्या बाबांची पद्धत काय, तेही विचारून सांगाल का?

आक्काची_लेक

विचारलं. त्यांनी करूनच दाखवलं.

गळाचं टोक बियांत खुपसायचं नाही. बी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायची, फट वर. हलके दाबलं की फट उघडते. तिच्यात गळाचा बाक, म्हणजे पाठीचा वळलेला भाग, बसवायचा आणि दाब सोडायचा. टरफल मिटतं आणि गळाला चिमट्यासारखं धरून ठेवतं. टोक पूर्ण उघडं राहतं. बाबा १६ किंवा १८ नंबरचा बारीक तारेचा गळ वापरतात (नंबर जितका मोठा तितका गळ लहान). १४ नंबर जाड पडतो, त्यानेच तुमच्या बिया चिरडत असाव्यात असं म्हणाले.

अळीमिळी

किंवा हेम्प गळाला लावूच नका! चारा हेम्पचा, गळाला दुसरं काही. अळीचा कोष, म्हणजे कास्टर, ही जुनी जोडी आहे. टेअर्स नावाचं वाटाण्याच्या कुळातलं बारीक बीही चालतं. ते मऊ शिजतं, गळावर नीट बसतं आणि मासा ते जास्त वेळ तोंडात ठेवतो. शिवाय हेम्पपेक्षा जरा मोठं असल्यामुळे मोठा मासा आधी उचलतो.

बगळा

बार्बलसाठी हे एकदम बरोबर. पण रोचला हेम्पवर हेम्पच, त्यात जी मजा आहे ती कशातच नाही. दर दाण्याला चावा!

शांतपाणी

चारा किती टाकायचा यावर कोणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते निम्मं यश तिथे आहे. पहिल्या वर्षी मी काठावर पोहोचल्या पोहोचल्या किलोभर बी ओतलं. मासे आले, तळाशी मनसोक्त चरत राहिले आणि माझ्या गळाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सहज_सुचलं यांनी वर चटक म्हटलंय, ती हीच. तळाला हजारो दाण्यांचा गालिचा असेल तर मासा त्यातच गुंग होतो. त्याला तुमचा एक दाणा सापडणार कसा?

आता मी दहा-बारा दाणे टाकते, दर गळफेकीला. बास. वाहत्या पाण्यात दाणे वरच्या अंगाला टाकायचे, म्हणजे गळापर्यंत पोहोचताना ते तळ गाठतात. सुरुवातीचा अर्धा तास काही होत नाही. धीर सोडायचा नाही, दाणे मात्र मोजूनच टाकायचे. मग एक चावा येतो आणि त्यानंतर हाताला उसंत मिळत नाही. पाणी स्वच्छ असेल तर तळाशी मासा वळताना त्याची कूस लख्ख चमकते, पाठोपाठ दुसऱ्याची. ते बघायला मी उगाचच काठी खाली ठेवून उभी राहते.

पाणकावळा

खोल आणि जोराच्या प्रवाहात दाणे वाहून जातात. तिथे झाकण तळाला टेकल्यावर उघडणारी जाळीची डबी मिळते, तिने बी थेट तळाशी सोडता येतं. सहा-सात डब्या सोडून तासभर जागा शांत ठेवली तर बार्बल येऊन बसतो.

कोरा_कागद

नदीवेडा, ते पाणी फेकू नका म्हणालात, त्याचं पुढे सांगितलंच नाहीत.

नदीवेडा

हो की, राहूनच गेलं. त्या पाण्यात बियांचं तेल उतरलेलं असतं. बी त्याच पाण्यात बुडवून ठेवायचं, उघडं ठेवलं तर वरचे दाणे सुकतात आणि पाण्यात टाकल्यावर तरंगतात. तरंगलेला दाणा वाहून गेला की त्याच्यामागे मासेही जातात. उरलेल्या पाण्यात कोरडा चारा मळायचा. त्याचा गोळा पाण्यात टाकलात की थोड्या वेळाने बघा, लहरी उठणाऱ्या पाण्यावर ताटाएवढी गुळगुळीत जागा दिसेल. ते तेल.

साठवायचं असेल तर पूर्ण गार करून, एका खेपेला पुरेल एवढं एकेका पिशवीत, थोड्या पाण्यासकट बर्फाच्या कप्प्यात. महिनोन्महिने टिकतं. शिजवलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत बाहेर ठेवू नका. आंबून वायू धरतं. माझ्या एका मित्राची बरणी मोटारीच्या डिकीत फुटली होती, तो वास पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

रानवाटा

आणि उरलेलं बी निघताना पाण्यात ओतून येऊ नका. न खाल्लेलं बी तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. साचलेल्या तळ्यात तर नकोच. कच्चं, न भिजवलेलं बीही टाकू नये. ज्या तळ्यांवर बिया-कडधान्यांना मनाई असते तिथला नियम पाळा, पहिल्यांदा जाताना विचारून घ्या.

तळ्याकाठी

मंडळी, पाच दिवसांनी परत येतोय.

चोवीस तास भिजवलं. मंद आच. वास फिरला तो सतराव्या मिनिटाला, आणि तो खरंच फिरतो हो! बशीत बघितलं तर केसाएवढ्या फटी. झाऱ्याने दोन मुठी काढून गार पाण्यात टाकल्या. बाकीचं आणखी नऊ मिनिटं, मग झाकण. सकाळी उघडलं तर एकही टणक दाणा नाही.

छर्रे काढून टंगस्टनचं एकच वजन, दोन वीत वर. गळ १८ नंबरचा. बाक फटीत बसवायला पहिल्या तीन-चार बिया गेल्या, मग हात बसला. एकेका बीवर दोन-दोन गळफेकी झाल्या.

दर खेपेला दहा दाणे. चाळीस मिनिटं काही नाही. शांतपाणींचं धीराचं वाक्य आठवत बसलो. मग फ्लोट बुडाला तो वर आलाच नाही. दुपारपर्यंत अकरा रोच आणि शेवटी एक टेंच, हिरवागार, लाल डोळ्यांचा, हातात धरवेना इतका बुळबुळीत. सगळे परत सोडले. चावे अंदाजे वीस-बावीसच होते, म्हणजे मागच्या वेळेइतकेच.

आक्काची_लेक, बाबांना सांगा, टेंच त्यांचा.

आक्काची_लेक

सांगितलं. ते विचारतायत, टेंच किती खोलीवर लागला आणि वारं कुठल्या अंगाने होतं?

तळ्याकाठी

पाच फूट, वेताच्या कडेला. वारं पाठीवर होतं.

आक्काची_लेक

म्हणाले, पुढच्या वेळी समोरच्या काठावर बस, वारं तोंडावर घे. तेल तिकडे साचतं.